मनकर्णाचा घट आणि सविताची मोरी

कोल्हारच्या मनकर्णाबाईच्या वाटेला जाऊ नये, हे आळीतल्या कुत्र्यालाही ठाऊक. तिची धाकटी जाऊ सविता मात्र गेली, आणि वर वर्षभर खुशाल झोपली. घ्या!

घर एकच. खाली मनकर्णा आणि तिचा नवरा कल्याण, वर सविताचा संसार. मनकर्णाला मूलबाळ नाही. सासूच्या माघारी सत्तावीस वर्षं घरचा घट तिनंच बसवला. वावरातली काळी माती चाळायची, परडीत गहू पेरायचा, मधोमध घट ठेवायचा आणि नऊ दिवस त्या कोंबांना पोटच्या लेकरासारखं जपायचं. दसऱ्याला आळीतल्या पोरी तिचेच कोंब केसांत खोवायला मागून न्यायच्या.

गेल्या वर्षी मात्र पाचव्या माळेलाच गहू कुजला. मातीला वास सुटला. मनकर्णाच्या तोंडचं पाणी पळालं. आणि ही सविता, आरतीला जमलेल्या बायकांसमोर म्हणते कशी, "जिची कूसच उगवली न्हाई, तिच्या हातचा गहू कसा उगवंल?"

कुणी हसलं नाही, पण कुणी तिला गप्पही केलं नाही. मनकर्णाला तेच जास्त लागलं. पुढच्या वर्षापासून घट वर सविताकडं बसवायचा, असं घरात ठरूनही गेलं.

त्याच दसऱ्याला परडी उचलताना मनकर्णानं सहज वर बघितलं. स्लॅबला हातभर ओल, आणि थेंब नेमका परडीच्या जागेवर पडत होता. बोटावर घेतला तर साबणाचा वास. त्याच्या बरोबर वर सविताची मोरी, आणि मोरीच्या तोंडाशी वॉशिंग मशीन. मनकर्णा तशीच जिना चढून गेली.

"तुमच्या घरालाच घाम फुटतो, आक्का," सविता म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बरं, बाई. मनकर्णा गेली ती स्टॅंडजवळच्या, वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या अजिनाथ मेकॅनिककडं.

"मशीन घेतली का मावशी?"

"घ्यायची न्हाई. कळून घ्यायची हाय."

अजिनाथनं सगळं समजावलं. "मशीनची नळी मोरीत सोडली म्हंजी झालं, असं लोकांला वाटतं. मोरीची जाळी दर आठवड्याला काढून धागे, केस काढायला पायजेत. न्हाईतर पानी तुंबतं आन् स्लॅबात मुरतं. आन् मावशी, हाताची गोधडी मशीनीत कधी घालू नका. धाग्यानं मोरी पार बुजती."

मनकर्णानं शब्द न् शब्द पदराला गाठ मारल्यासारखा जपला.

यंदा घट बसायच्या आधी सगळं गाव रिवाजाप्रमाणं गोधड्या घेऊन प्रवरेला गेलं. सविताबाईंना नदीवर जायची लाज! तिनं जुन्या लुगड्यांच्या पाच गोधड्या एकामागून एक मशीनीत घातल्या. खाली ओट्यावर बसून मनकर्णा ती घरघर ऐकत होती. एका शब्दाचं काम होतं. तिनं तो शब्द गिळला. घाल, माझ्या बाई, आणखी घाल.

पाचवी माळ आली. नळाला पाणी संध्याकाळीच येतं, म्हणून आरतीच्या तोंडावरच सवितानं धुणं लावलं होतं. वरच्या मोरीचा पाइप मनकर्णाच्या चुलीमागच्या भिंतीवरून खाली येतो. पाणी सुटलं की घळघळतो. मशीन थांबली, पाणी सोडायची वेळ झाली. पाइप मुका. आरतीला बायका जिना चढत होत्या. मनकर्णानं पदर खोचला आणि त्यांच्या मागून सावकाश वर गेली.

वर हलकल्लोळ. मोरीचा उंबरा ओलांडून फेसाचं पाणी थेट घटाकडं निघालेलं. सविता हातात सापडेल त्या कपड्यानं पुसत होती.

"घट उचला की!" ती किंचाळली.

"बसलेला घट दसऱ्याआधी हलवत्यात व्हय, येडे?" एक म्हातारी ओरडली.

"आक्का, कायतरी करा वो!"

मनकर्णा दारातच उभी राहिली. "करते. आधी सांग, माझ्या परडीवर काय गळत हुतं?"

"आत्ता कशाला ते..."

"पाणी वीतभर लांब हाय. सांग."

तो घट मनकर्णाचाही होता, सत्तावीस वर्षांचा. देवीनं शाप दिला असता तर तिनं तोही पत्करला असता, पण ती उंबऱ्यावरून हलली नाही.

"मोरीचं पाणी," सविता पुटपुटली.

"मोठ्यानं. गेल्या वर्षी बोललीस तसं."

"माझ्या मोरीचं पाणी गळत हुतं! तुमच्या हाताला कायबी दोष नव्हता, आक्का!" सविता रडायला लागली.

तेव्हा कुठं मनकर्णा पुढं झाली. मशीनचं पाणी सोडायचं बटण आधी फिरवून बंद केलं. मोरीची जाळी उपटली, कोपरापर्यंत हात घातला आणि धागे, केस, साबण यांचा काळा लिबलिबीत गोळा ओढून काढला. पाइप घळघळला. पाणी मागं फिरलं. परडीची एक कड तेवढी भिजली होती, कोंब ताठ उभे होते.

सविताचा हात धरून तिनं तो गोळा तिच्या तळव्यावर ठेवला.

"ही बघ वांझ. तुझ्याच मोरीत बसली हुती."

मग तिनं हात धुतले, आणि कुणाला न विचारता आरतीचं ताट उचललं.