आत्याने तीन देश कोंडले नाहीत

आमच्या आत्याने तीन देशांचे इंजिनिअर दवाखान्याच्या मागच्या खोलीत कोंडले आणि बाहेरून कडी लावली, अशी बातमी गल्लीभर झाली. शिंप्याने त्या कडीला कुलूप घातलं. बेकरीवाल्याने कुलपाची किल्ली गटारात फेकली.

साफ खोटं. दार सताड उघडं होतं. दारात फक्त आत्या होती.

आत्या आमच्या छोट्या सरकारी दवाखान्यात नर्स. गल्लीतलं तिचं नाव 'खिळा'. एकदा ठोकला गेला की निघत नाही. बस दवाखान्यापाशी थांबत नव्हती, तेव्हा ही रोज हात आडवा करून रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. ड्रायव्हर थांबायला लागला. आधी भीतीने, मग सवयीने.

लसीचा फ्रीज हे तिचं जुनं दुखणं. मागच्या उन्हाळ्यात वीज गेली ती आलीच नाही आणि सगळी लस खराब झाली. बाळं कडेवर घेऊन आलेल्या आयांना आत्याने दारातूनच परत पाठवलं. त्या दिवशी घरी येऊन ती चपला न काढताच बसून राहिली. "पुन्हा नाही," एवढंच म्हणाली.

मग कधीतरी सौर विजेचं जमलं. एका देशाने छतावरची पॅनेल दिली, दुसऱ्याने बॅटऱ्या, तिसऱ्याने इन्व्हर्टर, आणि फ्रीज आपल्या सरकारने. सगळं बसलं, वायरी जोडल्या. उरला लाल दांड्याचा एक खटका. तो वर केला की फ्रीज सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी लसीची गाडी येणार होती. फ्रीज गार नसेल तर ती काहीच न उतरवता पुढे जाणार, आणि पुन्हा कधी येणार ते गाडीवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि खटक्याला कुणी हात लावेना! म्हणे असा करार होता, की जो पहिल्यांदा खटका ओढेल, पुढे काही जळलं तर निस्तरायचं त्याच्या देशाने.

पॅनेलवाले साहेब नाकातून बोलायचे. बॅटरीवाल्या मॅडम वाक्याच्या शेवटी उचकी लागल्यासारख्या थांबायच्या. इन्व्हर्टरवाले आजोबा दर शब्दाआधी घसा खाकरायचे. मधे दुभाषी काका. समोरचा कितीही तडकून बोलो, काकांच्या तोंडून ते गुलाबपाण्यात बुडूनच बाहेर यायचं.

"साहेब म्हणतात, हा मान मॅडमचा."

"मॅडम म्हणतात, वडीलधाऱ्यांच्या आधी मी कशी?"

"आजोबा म्हणतात, ऊन आधी पॅनेलवर पडतं. तेव्हा श्रीगणेशा पॅनेलवाल्यांनी करावा."

मी खिडकीबाहेर उभी राहून तिघांचेही आवाज घोटून घेत होते. आत्या पाणी भरायला बाहेर आली तेव्हा तिला म्हटलं, "आत्या, सोड नाद. हे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत विमानात बसतील बघ."

"पैज?"

"पैज! मी जिंकले तर चारचौघांत तुझी नक्कल करणार. रागवायचं नाही."

"आणि हरलीस तर लसीच्या दिवशी माझ्याशेजारी उभं राहून पोरांना हसवायचं. दर वेळी. कंटाळा आला म्हणायचं नाही."

जेवायची वेळ झाली तशी पाहुण्यांची चुळबूळ सुरू झाली. आत्याने स्टूल ओढलं, दारात मांडलं आणि कापसाचे बोळे करायला बसली.

"ताई, पाहुण्यांना जेवायला जायचंय," काका म्हणाले.

"जाऊ देत की. मी धरून ठेवलंय का?"

"पण तुम्ही दारात बसलाय."

"बसलेय. ओलांडून जा म्हणावं."

कुणी ओलांडेना. आजोबांनी पाय उचलून पाहिला आणि परत ठेवला.

मग आत्याने बोळे बाजूला ठेवले. "काका, आता गुलाबपाणी नको, जसंच्या तसं सांगा. मागच्या खेपेला आयांना मी परत पाठवलं. उद्या तीच वेळ आली तर इथे, या दारात, हे तिघं उभे राहतील आणि हेच सांगतील. माझ्याच्याने ते पुन्हा व्हायचं नाही."

काकांनी सांगितलं. हुबेहूब तिच्या आवाजात, बोट नाचवून! मी मनातल्या मनात त्यांना गुरू केलं.

मग मॅडमनी काहीतरी विचारलं, तेही उचकी न लागता. काका म्हणाले, "मॅडम म्हणतात, खटका एकानेच ओढावा असं ठरलंय कुठे?"

साहेबांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी दांड्यावर हात ठेवला, त्यावर मॅडमनी, त्यावर साहेबांनी. आत्या स्टुलावरून ओरडली, "आता फोटो नंतर काढा, आधी ओढा!"

खट्ट. फ्रीज गुरगुरला. आत्या उठली, तिने स्टूल भिंतीला लावलं आणि पाहुण्यांना म्हणाली, "चला, जेवून घ्या."

सकाळी फ्रीजचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. गाडीवाल्याने तो दोनदा वाकून पाहिला आणि मगच खोकी उतरवली.

आता दर लसीच्या दिवशी मी आत्याच्या खुर्चीशेजारी उभी असते. परवा एक पोरगं सुई बघूनच भोकाड पसरायच्या बेतात होतं.

"खाकर," आत्या माझ्याकडे न बघताच म्हणाली.

मी आजोबांसारखी खाकरले. पोरगं आ वासून माझ्याकडे बघत राहिलं, तेवढ्यात आत्याने दंडावर कापूस दाबलासुद्धा.

"पुढचा," ती म्हणाली. "याला नाकातून."