गफूरचाचांच्या दोन लेन्स

फोटोला आलेल्या माणसाला गफूरचाचा आधी चहा पाजत आणि चहा संपेपर्यंत त्याचा चेहरा न्याहाळत. मग दोनपैकी एक लेन्स कॅमेऱ्याला लावत. जुनी लेन्स चेहरा मऊ करी. सुरकुत्या, पुटकुळ्या तिच्यात विरून जात. नवी मात्र धारदार, पापणीचा केसन् केस दाखवणारी. "जुनी आईवानी हाये, लेकराचं सारं पोटात घालते," ते म्हणत. "नवी सासूवानी. तिच्या नजरेतून काईच सुटत नाई." कारंज्यातली निम्मी लग्नं त्या जुन्या लेन्सनं जमवली, असं लोक गमतीनं म्हणत.

माझ्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, लहानपणी उकळतं वरण सांडून भाजल्याचा डाग आहे. मोबाइल तो आपोआप पुसून टाकी. ते फोटो पाहताना मला वाटे, ही कुणी दुसरीच मुलगी आहे.

विहारात ओळख झालेल्या एका काकूंनी स्थळासाठी फोटो मागितला, तेव्हा आई मला चाचांच्या स्टुडिओत घेऊन गेली. डाग दिसू देऊ नका, असं तिनं त्यांना बाजूला घेऊन विनवलं. चाचांनी जुनी लेन्स उचललीही. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बेटा, तुले कसा पाह्यजे?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, आहे तसा काढा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी जुनी खाली ठेवली आणि नवी लेन्स लावली. मला खिडकीशी बसवून, पडदा पुन्हा पुन्हा सरकवत तासभर उजेड जुळवला. गाल लपेल अशी मान वळवायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "डाग इसर. माह्याकडं पाह्य."

फोटोत डाग स्वच्छ दिसत होता. पण माझे डोळे इतके बोलके आहेत, हेही मला त्या फोटोतच कळलं.

दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. आई माझ्याशी धड बोलेना. तिसरं स्थळ केनवडचं. मुलगा आला, बसला, माझ्या नोकरीबद्दल विचारत राहिला. त्याची नजर गालावर एकदाही अडखळली नाही. डाग त्यानं फोटोत आधीच पाहिला होता. आमच्या लग्नाला आता सहा वर्षं झाली.

लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हा चाचांनी ती दोनदा वाचली आणि नुसतेच हसले.

गेल्या हिवाळ्यात चाचा वारले. मी चाचींना भेटायला गेले. त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "तुहा फोटो काढला न, तवापासून त्याइले झोप नव्हती. म्हणत, पोरीचं आयकलं खरं, पण तिचं नुकसान त नाई ना केलं? तुही पत्रिका आली, त्या दिवशी पोटभर जेवले."

फोटोच्या दिवशी धीर मी एकटीनंच केला, असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं.