वडिलांच्या पेशी आणि आत्याची पुडी

किमो दोनदा झाली तरी वडिलांच्या गळ्यातल्या कॅन्सरच्या गाठी परत आल्या, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी उरलेला एकच मार्ग सांगितला. त्यांच्याच रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायचं आणि परत अंगात सोडायचं. सूचनांचे कागद दिले, सगळे इंग्रजीत. जमिनीच्या एजंटांविरुद्ध ज्यांनी मुठा खोऱ्यात घरोघरी 'न वाचता सही करू नका' अशी मराठी पत्रकं वाटली, त्या माझ्या वडिलांनी न वाचता सही केली. घरी मी सार सांगितलं: बाहेरचं औषध घ्यायचं नाही.

पेशी काढायच्या दिवशी वडील खुशीत होते. आठवडाभर दुखलं नव्हतं, भूक लागत होती. मीही सुखावले होते, याचा मला आजही संताप येतो. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "स्टेरॉइड कोणी दिलं?"

"कोणीच नाही," मी म्हणाले.

"पुडी घेतोय फक्त," वडील म्हणाले. "झाडपाल्याची हाय. ते औषध न्हाई."

पुडी आत्याची. आजाऱ्याला भेटायला येताना ती घेऊन आली होती, आणि बहिणीने आणलेलं आमच्याकडे परत करत नाहीत. फाट्यावर दर गुरुवारी बसणारा एक जण गुडघ्यापासून सगळ्यावर तीच भुकटी देतो. त्या भुकटीत स्टेरॉइड मिसळलेलं होतं; त्याने दुखणं दबलं आणि आम्हाला हव्या होत्या त्याच पेशी मेल्या. तारीख दोन आठवडे पुढे गेली.

मी फाट्यावर जाऊन त्याला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "गुण आला का न्हाई, तेवडं सांगा." रांगेतल्या बायका माझ्याकडेच रागाने बघत होत्या.

आत्या म्हणाली, "म्या काय इख दिलं व्हय गं?"

"विषच दिलंस."

"मग तू तो कागद त्याला वाचून का न्हाई दावला? लई शिकलीयास ना?"

स्टेरॉइडची सूचना सहाव्या पानावर होती. मी ती वाचली होती. सांगताना एका वाक्यात उरकली.

दुसऱ्या तारखेला पेशी निघाल्या. तोवर जबड्याखालची गाठ लिंबाएवढी झाली होती. पेशी तयार होऊन येईपर्यंत वडील तग धरतील का, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. पुडी बंद झाल्यापासून ते रात्रंदिवस कण्हतात.

आत्याचा रोज फोन येतो. "लई दुकतंय का त्याला?"

"हो," मी म्हणते. तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची माझी अजून तयारी नाही.