खंडेनवमीचं पिस्तूल

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. आधी फिर्यादीचा राग येतो आणि मग स्वतःचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोसरीच्या चौकीत मी फौजदार होतो. चिखलीच्या एका शेतकऱ्याने जमीन विकून भोसरीत लेथ मशीनचं वर्कशॉप टाकलं होतं. भावकीशी त्याचं वाकडं होतं. जिवाला धोका आहे असं सांगून त्याने रिव्हॉल्वरचं लायसन्स मिळवलं आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

दर आठ-पंधरा दिवसांनी हा गृहस्थ चौकीत हजर. "साहेब, ह्ये लई जड हाय. कंबरेला लावलं की पँट खाली येती. खुर्चीत बसलं की बरगडीत घुसतंय. सदरा जरा वर सरकला की समद्यांना दिसतंय."

"मग घरी कपाटात कुलपात ठेवा," मी म्हणायचो.

"घरी ठिवून काय उपयोग, साहेब? रोज संगं पायजे."

माझ्या हवालदारांनाही हा विषय भारी आवडायचा. एक म्हणायचा, मोठंच बरं, नुसतं बघूनच माणूस मागे सरतो. दुसरा म्हणायचा, मोठं हत्यार माणूस चार दिवस हौसेने लावतो आणि पाचव्या दिवशी खुंटीला टांगतो, लहान तेवढं अंगावर राहतं. दोघांचंही खरं होतं. साध्या वेशात मी स्वतः बुशशर्टाखाली सरकारी रिव्हॉल्वर लावून निघालो की पानवालासुद्धा ओळखायचा. पण इकडे स्टेशन डायरी लिहायची पडलेली आणि यांची चर्चा संपता संपत नसे. शेवटी त्या मालकाने लायसन्सवर आणखी एक पिस्तूल चढवून घेतलं, तळहाताएवढं. मुद्दाम मला दाखवायला आला.

"आता बघा साहेब. खिशात हाय का न्हाई, कुनाला कळतंय?"

"तुम्हाला तरी कळू द्या म्हणजे झालं," मी म्हणालो. त्याला ते लागलं.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी तो धापा टाकत चौकीत आला. छोटं पिस्तूल चोरीला गेलं होतं. टेबलाच्या कुलूपबंद खणातून चोरी झाली असं त्याने फिर्यादीत लिहून दिलं. संशय त्याच्याच एका टर्नरवर, म्हणजे लेथवरच्या कामगारावर. "खंडेनवमीला समदे पूजेला थांबले. ह्यो एकटा पिशवी घेऊन निघून गेला, तवापास्नं गायब हाय. तसाबी तो कंदी पूजेला हात जोडत न्हाई."

दुपारी वर्कशॉपसमोरच्या चहावाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली की तो टर्नर फुगलेली पिशवी घेऊन स्टँडकडे घाईने गेला होता. आम्हाला एवढं पुरलं. नोकराने केलेली चोरी म्हणून गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी परतला. आम्ही पिंपरीतल्या त्याच्या गल्लीत थेट दारापर्यंत जीप नेली. सगळी गल्ली बाहेर आली. त्याची आई जीपमागे कोपऱ्यापर्यंत धावत आली. चौकीत पिशवी उलटी केली तर पुस्तकं, बुद्धाची एक लहान मूर्ती आणि वाळलेल्या चपात्या निघाल्या. माणूस बौद्ध होता. दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, तसा यंदाही गेला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मालकाचं ते पूजेला हात न जोडण्याचं वाक्य मी अर्धा पुरावा म्हणून धरून बसलो होतो. हे लिहिताना लाज वाटते.

दोन तास चौकशी चालली. हवालदाराने आवाज चढवला, मी त्याच्याहून चढवला. उत्तर एकच, मी घेतलं नाही. शेवटी तो म्हणाला, "साहेब, मला मोठ्या कंपनीत पर्मनंट काम लागलंय. मेडिकल झालं. आता फक्त तुमच्याकडनं चारित्र्य पडताळणीचा कागद जायचा राहिलाय. असल्या टायमाला मी पिस्तूल चोरीन का?"

तो कागद माझ्याच टेबलावर पडून होता. त्यावर सही माझीच व्हायची होती. मी उठलो, पाणी प्यायलो आणि जो प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता तो तेव्हा विचारला. "पिस्तूल शेवटचं कुठे पाहिलंस?"

"पूजेत. डबा घ्यायला आत गेलो तेव्हा दोन्ही मांडलेली होती. मोठं दिसत होतं. लहान्यावर मालकांनी झेंडूचं फूल ठेवलं, तर ते पार झाकून गेलं."

"खणात कुलपात नव्हतं?"

"खणाला कुलूप कुठंय, साहेब? कडीच तुटलीय."

खंडेनवमीला कारखान्यांत पाने, हातोड्या, गेज मांडून पूजा करतात आणि दसऱ्यापर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही. पण त्यात भरलेलं पिस्तूल मांडून घरी जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी वर्कशॉपवर गेलो. खणाची कडी खरंच तुटलेली होती. जागेचा पंचनामा आमच्या हवालदाराने दारातूनच उरकला होता. मी मालकाला मोठं रिव्हॉल्वर काढायला लावलं. मुठीच्या खाचेत अजून कुंकू होतं.

मालक खाली बघायला लागला. "खरं लिवलं आसतं तर लायसन गेलं आसतं, साहेब."

संध्याकाळी निघताना मोठं डोळ्यांसमोर होतं म्हणून त्याने उचललं. लहान फुलाखालीच राहिलं आणि दोन दिवस ते खिशातच आहे असं त्याला वाटत होतं.

"पूजा कोणी उचलली?"

"आमच्या मंडळींनी. दसऱ्याच्या सकाळी."

टर्नरला मी त्याच क्षणी सोडू शकत होतो. मुद्देमाल मिळू दे म्हणून रात्रभर आत ठेवला. हीसुद्धा माझीच चूक.

सकाळी चिखलीला मालकाच्या घरी गेलो. त्याची बायको सरळ बोलणारी होती. "पाने-हातोड्या बाजूला काढल्या, चौरंगावरच्या लाल कापडाची चारी टोकं धरली, गाठ मारली आन् निर्माल्य इंद्रायणीत सोडलं. जड लागलं खरं. म्हटलं, नारळ आसंल."

गावातले दोन पोहणारे पाण्यात उतरले. तासाभराने घाटाच्या दगडांत अडकलेलं गाठोडं वर आलं. आत कुजलेला झेंडू, सुपाऱ्या आणि पिस्तूल, गोळ्यांसकट. पंचनामा लिहीत असताना मालक माझ्या कानाशी आला.

"साहेब, मग आता मोठंच वापरू का?"

मी त्याला काय म्हणालो ते इथे छापता येणार नाही. दोन्ही हत्यारं जमा करून घेतली आणि लायसन्स रद्द करण्याचा अहवाल त्याच दिवशी पाठवला.

चौकीत येऊन टर्नरला सोडलं, पडताळणीच्या कागदावर सही केली. माझ्या मते काम संपलं होतं. तो मात्र दारातच उभा राहिला.

"साहेब, एक बोलू? न्यायला आलात तेव्हा जीप दारापर्यंत आणली होती. आता चौकीतनं चालत जा म्हणताय. गल्लीतल्या लोकांना आई काय सांगणार?"

अटकेचा फॉर्म आहे, पंचनाम्याचा आहे, जप्तीचा आहे. याचा नाही. मी टोपी घातली, जीप काढायला लावली आणि त्याला पुढे बसवलं. त्याच गल्लीत, त्याच दारापर्यंत गेलो. लोक पुन्हा बाहेर आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी त्याच्या आईला म्हणालो, "आई, तुमच्या मुलाने काही चोरलं नव्हतं. चूक आमची झाली."

म्हातारीने मुलाच्या हातातली पिशवी घेतली, पुस्तकं आहेत का ते आत हात घालून पाहिलं. मग मला म्हणाली, "काल न्यायच्या आधी मला इचारलं आसतं तर?"

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, घटनेची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणाच्या दारात जीप नेली नाही. निवृत्त झालो तरी लायसन्सवाले ओळखीचे लोक अजून विचारतात, साहेब, रोज जवळ बाळगायला मोठं बरं की छोटं? मी त्यांना सांगतो, त्या पिस्तुलातून एकही गोळी सुटली नव्हती, तरी एक म्हातारी जीपमागे अनवाणी धावली होती. ते मान डोलावतात. मग म्हणतात, ते खरं हो, पण मोठं की छोटं?