मुकादमाच्या तोंडून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीटसं कळत नाही.

मी ऑनलाइन खेळ बनवते. बंदुका-तलवारींचे नव्हेत. आमच्या खेळात एक शहर होतं. ठिकठिकाणची माणसं आपापल्या कॉम्प्युटरवरून त्यात यायची, एखादी भूमिका घ्यायची — कुणी खानावळवाली, कुणी गिरणीकामगार — आणि टाइप करून एकमेकांशी त्या माणसासारखं बोलायची. खरं नाव कुणाचंच कळायचं नाही. नियम मीच लिहिला होता: भूमिका जे बोलते, त्याचा राग खेळणाऱ्यावर धरायचा नाही. केवढा शहाणपणाचा वाटला होता तेव्हा!

गिरणीचा भाग जमेना म्हणून मी वसंतकाकांना दादरच्या ऑफिसात आणलं. लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. ते आणि माझे आप्पा एकाच खात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर. ब्याऐंशीच्या संपात दोघांचीही नोकरी गेली. तोवर साठी उलटलेली, पण काका दोन बोटांनी टाइप करायला शिकले आणि खेळात कामगार झाले. "ह्यो खेळ नाय गो, ही तर आमची पाळीच," म्हणायचे आणि हसायचे.

पंधरा दिवसांत त्यांनी खेळातल्या गिरणीत संप घडवला. कुठली कुठली पोरं — पुण्याची, इंदूरची — साचे सोडून फाटकापाशी बसली. पुढचं सगळं तपासायचं राहिलेलं, आणि शहर ठप्प. "आज मिटव हे," ऑफिसातले साहेब म्हणाले. त्या दिवशी मुकादमाची भूमिका माझ्याकडे होती. काकांना माहीत नव्हतं. माझ्यापासून तीन टेबलं पलीकडे बसले होते ते.

मी धमकावलं, लालूच दाखवली. कुणी हलेना. आणि — खरं सांगू? — साहेबांची घाई वगैरे ठीक आहे, पण ते शहर मी बांधलं होतं आणि माणसं ऐकत होती काकांचं. मला ते सोसवेना.

एक गोष्ट मला ठाऊक होती. लहानपणी माळ्यावर अभ्यास करताना कानावर पडलेली. संपात काकांची लता टायफॉइडने अंथरुणाला खिळली, तेव्हा काका आठ दिवस मागच्या फाटकातून आत कामाला गेले होते. आप्पांनी पाहिलं, गप्प राहिले. फक्त आईजवळ बोलले, "मेलो तरी बाहेर काढायचं नाही हे."

मी टाइप केलं — "आठ दिवस मागच्या फाटकातून आत कोण जात होतं रे? पोरीच्या टायफॉइडचं निमित्त करून?"

निमित्त! कुठून आला हा शब्द माझ्या बोटांत?

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घालून वाचलं. मग उठले. "येतंय गो बाय," एवढंच म्हणाले. परत आले नाहीत. तासाभरात संप मोडला.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. संध्याकाळी काका आमच्या दारात उभे. "सदा, तुझ्याशिवाय कोणाक म्हायत होता?" आप्पा पुन्हा पुन्हा सांगत राहिले, "मी नाही रे बोललो, वसंता." मी आत चहा टाकला होता. तो उतू गेला. मी बाहेर आले नाही.

त्यानंतर ते दोघं बोलले नाहीत; काका पुढे गावी राहायला गेले. आप्पांनी एकदाच विचारलं, "तुमच्या त्या खेळात कोण कोण असतं गं?"

"कुणीही. नावं खोटीच असतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही.

चार वर्षांनी आप्पा हॉस्पिटलात होते. आवाज पार खोल गेलेला. "वसंताला सांग... मी नाही बोललो." मी हो म्हटलं.

बाराव्याला काका गावाहून आले. जेवले. जाताना जिन्यापाशी थांबून मला विचारलं, "सदान माझा नाव काढल्यान काय गो?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग कोण बोललं?

"नाही, काका."

ते मान हलवून कठड्याला धरत जिना उतरले. मी वरून बघत होते. हाक मारली नाही.