बासिलियाचे छोटे डॉलर

बाराच्या घंटा व्हायच्या आधीच बासिलियाकडचे डॉलर संपले आणि मी तिच्यावर मनातून जळलो.

डॉलर म्हणजे कागदी, नखाएवढे, अलासितांच्या जत्रेतले. चोवीस जानेवारीला अख्खं ला पाझ रस्त्यावर येतं. वर्षभरात ज्याला जे हवं असेल ते त्याने त्या दुपारी बोटभर आकारात विकत घ्यायचं आणि देवळाच्या घंटा वाजत असताना यातिरीबाबाकडून, म्हणजे आमच्या भगताकडून, त्यावर धूप-दारूचा आशीर्वाद घ्यायचा. मग वर्षाच्या आत तेच मोठं होऊन घरी येतं म्हणतात. येतंच असं मी म्हणत नाही. मी जन्मभर प्लास्टरची घरं, ट्रक आणि दुकानं विकतोय, आणि आमचं काही आलं नाही, पैसे परत करा, असं म्हणत अजून कोणी आलेलं नाही. पथ्य एकच आहे. आपल्याच मालातलं आपल्यासाठी उचलायचं नाही, ते दुसऱ्याच्या हातून यावं लागतं.

बासिलिया लारुताची पथारी माझ्या पथारीला लागून. माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला तिनेच पोरीला हातांवर धरलं होतं, म्हणून ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोम्पाद्रे. जत्रेत ती छोट्या नोटांची बंडलं विकायची आणि बाकी वर्षभर बाजारगल्लीच्या फुटपाथवर कुकर, थर्मास, पातेली. त्या वर्षी लोकांनी तिच्या टोपलीवर अक्षरशः झडप घातली. माझ्या घरांकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

“कोम्पाद्रे, तोंड का वाकडं? घरांना उंदीर लागले का?”

“हसा तुम्ही. कागद विकणाऱ्यांचंच राज्य आलंय.”

“आलंच आहे. लोकांचं बरं चाललंय, म्हणून डॉलर मागतायत. भुकेला माणूस पाव मागतो, कोम्पाद्रे. डॉलर मागतो तो पोट भरलेला.”

मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं, उगाच आता मान हलवू नका.

मग तिने दरवर्षीप्रमाणे माझ्याकडून एक छोटं दुकान घेतलं. निळ्या शटरचं. दरवर्षी ती शटर वाकडं आहे म्हणून भाव पाडायची, आणि मी दरवर्षी म्हणायचो की वाकडं तुमचं डोकं आहे. त्या दिवशी मात्र घासाघीस न करता मागितले तेवढे पैसे तिने हातावर ठेवले. मला ते जरा खटकलं. दुकान घेऊन ती यातिरीबाबाकडे गेली. म्हाताऱ्याने धूप फिरवला आणि तिच्या काखेतल्या टोपलीत डोकावून म्हणाला, “रिकामी टोपली घेऊन आलीस होय गं आशीर्वादाला?”

“रिकामी नाही बाबा, सगळं विकून आले.”

“तेच म्हणतोय मी,” म्हातारा म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. त्याची दारू थोडी जास्त झाली असेल असं आम्ही धरून चाललो.

दुकानाचं वेड तिला लहानपणापासून. आईच्या पाठीवरच्या शालीत बांधलेली असल्यापासून ती फुटपाथवर वाढली. गारा आल्या की माल प्लास्टिकखाली झाकायचा आणि आपण भिजायचं. पालिकेचे शिपाई आले की गाठोडं उचलून पळायचं. नवरा सांताक्रूझला कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला, त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. तिला शटर हवं होतं. “रात्री खाली ओढलं की धाडकन आवाज झाला पाहिजे,” ती म्हणायची, “गल्लीला कळलं पाहिजे बासिलिया घरी निघाली.” त्यासाठी तिने पोटाला चिमटा घेऊन दूध पावडरच्या डब्यात डॉलर साठवले होते. खरे, हिरवे. आपले बोलिव्हियानो खर्चायला आणि डॉलर ठेवायला, हे आमच्याकडे पोराला चालायला शिकवण्याआधी शिकवतात.

जत्रा संपल्यावर आठवड्याभरात तिने डबा उघडला. आमच्याकडे दुकान घ्यायची जुनी रीत आहे. मालकाला एकरकमी ठेव डॉलरमध्ये द्यायची, दोन वर्षं बिनभाड्याने दुकान वापरायचं, आणि मुदत संपली की मालकाने सगळी ठेव परत करायची. मालक होते डॉन एल्मेर, निवृत्त मास्तर, बोलायला गोड आणि वागायला सरळ. नोटरीने करार वाचला तेव्हा साक्षीदार म्हणून मी बाजूलाच होतो. ठेव डॉलरमध्ये परत करावी, अथवा सरकारी भावाने बोलिव्हियानोत, असं त्यात होतं.

“अथवा कशाला?” बासिलियाने विचारलं.

“सगळ्याच करारात असतं, बाई,” नोटरी म्हणाला.

डॉन एल्मेर हसले. “बारा वर्षं भाव हललाय का कधी? तो इलिमानी डोंगर हलेल एकवेळ.”

खिडकीतून डोंगर दिसत होता, बर्फासकट जागच्या जागी. आम्ही सगळे हसलो आणि तिने अंगठ्याला शाई लावली.

पहिल्या दिवशी बासिलियाने शटर तीनदा वर-खाली केलं, नुसतं ऐकायला. माझ्याकडून इतक्या वर्षांत घेतलेली प्लास्टरची सगळी छोटी दुकानं तिने मागच्या फळीवर ओळीने मांडली. लहानाचं मोठं झालं, आता ह्यांना विश्रांती, असं म्हणाली. तिचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं, हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे तसं वाटायचे प्रसंग कमीच आले.

थोड्याच दिवसांत बँकांच्या दारात रांगा दिसायला लागल्या. आत डॉलर नाहीत म्हणे. आज नाहीत, उद्या या. उद्याही नाहीत, सोमवारी या. मग दारावरचा पहारेकरीच सांगायला लागला की आत जाऊच नका. सरकारी भाव भिंतीवर होता तोच होता. पण त्या भावाने मिळत काहीच नव्हतं. चौकातले दलाल हलक्या आवाजात वेगळा, चढा भाव सांगायचे आणि दर आठवड्याला तो आवाज आणखी हलका व्हायचा.

तिचा माल चिलीच्या बंदरातून यायचा. घाऊक व्यापाऱ्याने एक दिवस निरोप धाडला की आता डॉलर आणाल तर कुकर मिळतील. तिचे डॉलर तर दुकानात गाडलेले. दुष्काळात तेरावा महिना तो असा. चौकातून महाग डॉलर घेऊन तिने माल भरला, तसा भाव वाढवावा लागला.

गिऱ्हाईक यायचं, नाही असं नाही. झाकण उचलायचं, आत पाहायचं, नवऱ्याकडे पाहायचं, झाकण ठेवायचं. “गेल्या महिन्यात कमी होता की हो.” “गेल्या महिन्यात का नाही नेलात, बाई?” पूर्वी लोक लग्नाला सहा-सहा थर्मास न्यायचे, आता एक न्यायचे आणि तोही आतली काच ठोकून. मग कुकरऐवजी नुसती कुकरची रिंग मागायला लागले. मग रिंगही नको झाली, जुनी शिट्टी दुरुस्त करून देता का, असं विचारायला यायचे. बासिलिया शिट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहायची आणि फुकट फुंकून द्यायची.

“कोमाद्रे, फुंकायचे तरी पैसे घ्या,” मी म्हटलं.

“बाहेर लोक डिझेलच्या रांगेत ट्रकमध्येच झोपतायत, आणि मी फुंकरीचे पैसे घेऊ?”

या सगळ्यात एकच गोष्ट जोरात चालली होती. तिच्या डोक्यावर दिवसभर हातोडे पडायचे. डॉन एल्मेर वरचा मजला चढवत होते. छताची धूळ कुकरवर पडायची आणि ती पुसायची. ते सिमेंट कुठून येतंय हे तिला ठाऊक होतं. तक्रार कशी करणार? ठेव घेतल्यावर मालकाने काय करावं हा मालकाचा प्रश्न.

जूनमधल्या, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका थंड संध्याकाळी मी तिच्याकडे जांभळ्या मक्याची गरम आपि प्यायला गेलो होतो. दिवसभर भवानीसुद्धा झालेली नव्हती. एक तरुण बाई आत आली. तिने पातेली पाहिली, थर्मास पाहिले, आणि मागच्या फळीकडे बोट केलं.

“ते निळ्या शटरचं केवढ्याला?”

“ते विकायचं नाही, बाई.”

“माझ्या बहिणीला हवंय. तिला दुकान टाकायचंय.” बाईने नोट काढून धरली.

बासिलियाने नोटेकडे पाहिलं, मग गल्ल्याकडे. मी डोळ्यांनी नाही म्हणत होतो. तिने खुर्चीवर चढून ते दुकान उतरवलं, शालीच्या टोकाने पुसलं आणि बाईच्या हातात दिलं. मग आमच्या रीतीप्रमाणे दिवसाची पहिली नोट सगळ्या मालावरून फिरवली, कुकरवरून, थर्मासवरून, आणि कपाळाला लावली.

बाई गेल्यावर मी तिच्यावर भडकलो. “आशीर्वादाचं होतं ते. तुमचं दुकान विकलंत तुम्ही.”

“प्लास्टर विकलं.”

“माझ्या हाताने दिलेलं विकलंत.”

“मग तुमच्या हाताने गिऱ्हाईक पण द्या ना,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “दिवसभरात कोणाला काही हवंसं वाटलं ते तेवढंच, कोम्पाद्रे. मी नाही कसं म्हणू?”

मी आपि तशीच टाकून निघालो. बाहेर येऊन मागे पाहिलं तर ती फळीवरच्या रिकाम्या जागेवर हात फिरवत होती. मला भीती वाटली. कशाची ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मुदत संपली त्या दिवशी डॉन एल्मेर कागदात बांधलेल्या गरम साल्तेन्या, रस्सा भरलेल्या आमच्या करंज्या, आणि एक पिशवी घेऊन आले. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. बोलिव्हियानो होते. सरकारी भावाने बरोब्बर, एकही कमी नाही.

“डॉन एल्मेर, मी डॉलर दिले होते,” बासिलिया म्हणाली.

“दिले होते, बाई. पण डॉलर मी कुठून आणू? तुम्हीच सांगा.”

“चौकात मिळतात.”

“चौकातल्या भावाने? बाई, मग मला वरचा मजला पाडून विटा विकाव्या लागतील.” त्यांचेही डोळे भरून आले, ते काही नाटक नव्हतं. “करारात जे आहे ते मी आणलंय.”

ती पिशवी घेऊन चौकात गेली तर दिलेल्या दर दहा डॉलरमागे जेमतेम सहाच परत आले असते. कोणी चोरी केली नव्हती. कोणी खोटं बोललं नव्हतं. दोन वर्षं पैसा तिथेच बसून होता आणि बसल्या जागी वितळला होता. आणखी दोन वर्षं राहायचं तर ठेव वाढवून द्या, असं डॉन एल्मेर चाचरत म्हणाले. वाढवायला तिच्याकडे काय होतं?

तिने साल्तेन्या खाल्ल्या नाहीत, मला दिल्या. संध्याकाळी तिने शटर खाली ओढलं, पण हळू, हाताने धरून. आवाज अजिबात झाला नाही.

त्यानंतरच्या चोवीस जानेवारीला ती पुन्हा माझ्या शेजारी फुटपाथवर होती. आकाश सकाळपासून काळं होतं. माझ्याकडे घराला कोणी हात लावत नव्हतं, ट्रकला नाही, दुकानाला तर नाहीच. लोक बोटभर तेलाच्या बाटल्या मागत होते, तांदळाची पोती, गॅसची टाकी. आणि बॅगा. छोट्या प्रवासी बॅगा आणि पासपोर्ट. कोपऱ्यावरच्या पोरीकडच्या बॅगा अकरालाच संपल्या आणि ती आनंदाने उड्या मारत होती. बासिलिया तिच्याकडे पाहत राहिली.

“पोट भरलेले नव्हते ते, कोम्पाद्रे,” ती म्हणाली.

“कोण?”

“त्या वर्षीचे. माझी टोपली रिकामी करणारे. त्यांना आधीच वास लागला होता. घरात जे संपत आलंय तेच माणूस जत्रेत मागतो. आणि मी म्हटलं लोकांचं बरं चाललंय.” ती पुन्हा त्या पोरीकडे वळली. “आता बॅगा संपल्यात.”

माझी थोरली, हिच्याच हातांवर बाप्तिस्मा झालेली, गेले काही दिवस घरात चिलीच्या गोष्टी काढत होती.

पहिली घंटा झाली. सगळी गर्दी एकदम ढवळली. बासिलिया माझ्याकडे वळली. “उचला माझ्या टोपलीतलं एक बंडल. पैसे टाका आणि मग मला द्या. माझ्या हाताने चालत नाही.”

मी पैसे टाकले, डॉलरचं बंडल उचललं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिने मूठ इतकी घट्ट मिटली की कागद चुरगळला. मला राहवलं नाही. मी माझ्या मालातलं सगळ्यात चांगलं दुकान काढलं, निळ्या शटरचं, सरळ शटरचं, आणि तिच्यापुढे धरलं.

“हे माझ्याकडून. पैसे नकोत.”

तिने ते हातात घेऊन पाहिलं, शटरवरून बोट फिरवलं, आणि परत माझ्या फळकुटावर ठेवलं.

“विका कोणाला तरी,” ती म्हणाली. “पण घेणाऱ्याला सांगा, शटर नंतर बघ. परत काय मिळणार ते आधी विचार.”