जर्मन सिनेमात मेलेला माणूस

बालाघाटच्या टॉकीजमधली माझी नोकरी वाचवली ती लाकडाच्या टालीवरच्या त्या माणसानं. हे आधीच सांगतो, कारण लोक त्याला हसतात.

इथल्या जंगलात एक जर्मन सिनेमा कंपनी आली होती. त्यात त्याला वाघानं मारलेल्या हमालाचं काम मिळालं. तेव्हापासून लाकडं तोलतानाही तो चेहरा थोडा डावीकडं ठेवतो. "क्यामेरा तिकडं होता ना बावा!"

एकदा मध्यांतर झालं आणि पुढची रिळं येईनात. कटंगीच्या टॉकीजमध्ये दाखवून झालेली रिळं आमच्याकडं बसनं यायची, आणि बस वाटेत बंद पडली होती. लोक खुर्च्या उचलू लागले. मालक मला म्हणाले, "एक बी कुर्सी टूटली, तर तू गावाले वापस!"

शाळा अर्धी टाकून मी आर्वीहून इतक्या दूर आलेलो. कोणत्या तोंडानं परत जाऊ?

तेवढ्यात प्रेक्षकांतून उठून हा टालीवरचा माणूस पडद्यासमोरच्या ओट्यावर चढला. सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या पैलवानाला म्हणाला, "खुर्ची ठेव भाऊ. इकडं ये, तू वाघ हो."

"मीच काहून?"

"तुहा आवाज आहे ना तसा!"

पैलवानानं लाजत लाजत डरकाळी फोडली. हा असा तडफडून मेला की टाळ्या थांबेनात. मग प्रत्येकालाच वाघ व्हायचं होतं. रिळं आली आणि मी दिवे घालवायला गेलो, तेव्हा लोक माझ्यावरच खेकसले, "थांब ना बे, आता माहा नंबर आहे!"

खेळ सुटल्यावर त्याच्या गुडघ्यांना तेल चोळत मी विचारलं, "सिनेमातबी असेच मेलते का, भाऊ?"

"कोणाले मालूम? तो सिनेमा इकडं आलाच नाही."

मी आणीन. कधीतरी तो सिनेमा बालाघाटला आणीन, आणि त्याला मालकांच्या शेजारी बसवून त्याचं मरण दाखवीन.